एकदा दाबा, दोनदा भोगा

मागे जाण्याचे बटण ग्राहकाने एकदाच दाबले आणि यादी दोनदा भरली, हा प्रकार इंदूरच्या आमच्या छोट्या कचेरीत काल रात्री पुन्हा घडला. वेबपत्त्यातला हॅश (# नंतरचा भाग) बदलला की ब्राउझर आधी 'पॉपस्टेट' ही मागे-पुढे गेल्याची वर्दी धाडतो आणि त्याच्या पाठोपाठ 'हॅशचेंज' ही हॅश बदलल्याची. म्हणजे पाहुणा एकच, वर्दी देणारे दोन, आणि आपण दोनदा पोहे टाकायचे! उलट कोडमधल्या 'पुशस्टेट' या आज्ञेने आपण स्वतः पत्ता बदलला, तर दोघेही मिठाची गुळणी धरून बसतात. ही कुठली रीत? क्रोमच्या ३४व्या आवृत्तीपूर्वी तर पान नुसते उघडले तरी पॉपस्टेट येई आणि फायरफॉक्समध्ये येत नसे, तेव्हा रडायचे कोणापाशी?

पण खरा संताप ब्राउझरचा नाहीच. पानाचा घटक पडद्यावर येईल तितक्या वेळा कोणी महाभाग 'ॲडइव्हेंटलिसनर'ला (वर्दी आल्यावर काय चालवायचे ते नोंदवणाऱ्या आज्ञेला) नवे निनावी फंक्शन, म्हणजे बिननावाचा कोडचा तुकडा, देतो. तेच नावाचे फंक्शन दिले असते, तर ब्राउझरने दुसरी नोंद मुकाट्याने टाळली असती. निनावी फंक्शन मात्र साचत जाते, आणि ते काढायला पुन्हा नवे निनावी फंक्शन दिले, तर निघणार काय, कपाळ? यावर उपाय म्हणून ३०० मिलिसेकंद काम लांबवणारा 'सेटटाइमआउट'! शेवटचा पत्ता आणि त्यासोबतची स्टेट (पानाची स्थिती) जपून ठेवून नव्याशी ताडून पाहण्याइतके कष्ट कोणालाच का झेपत नाहीत? सराफ्याच्या खाऊगल्लीतून आणलेला गराडू (तळलेला कंद) गार झाला, आणि कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या नोंदींच्या खिडकीत, तीच ओळ दोनदा उमटतेच आहे.