लंडन, कारो-कान आणि ‘मिरवणारे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक बुद्धिबळप्रेमी’ यांस,

क्लबात खेळणाऱ्यानं पांढऱ्याकडून लंडन आणि पांढऱ्यानं राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं (ई४) की काळ्याकडून कारो-कान, डावाच्या या दोनच सुरुवाती पक्क्या कराव्यात, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलंत. आभार. पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही : ‘चार चाली पाठ करून क्लबात मिरवणाऱ्यांना हे ठीक आहे, खऱ्या खेळाडूंना नाही.’

मिरवणारे कोण हो? मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात काम करतो. सौदे, पट्ट्या, उधाऱ्या उरकून पटावर बसायला रात्रीचे साडेआठ होतात. दिवसभर नमुने हाताळलेले असतात, हात कितीही धुवा, पांढऱ्या प्याद्यांना पिवळट डाग पडतातच. समोर कधी मास्तर असतात, कधी एसटीचे कंडक्टर. आम्हाला आठवड्याला तीन तास मिळतात. ते कुठं घालवायचे, एवढाच लेखाचा विषय होता. ज्या सांगलीनं बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे घडवल्या, तिथं मिरवायला कुणी बुद्धिबळ खेळत नाही.

आणि ‘खरा खेळाडू’ व्हायचा प्रयत्न मीही केलाय. तिशीत सहा महिने सिसिलियन नायडॉर्फ हा ई४विरुद्धचा काळ्याचा बचाव घोकला, दोनशे पानी वही भरली. स्पर्धेच्या सात फेऱ्यांत तो एकदाही पटावर आला नाही. एकानं दुसऱ्याच चालीला सी३ खेळून वेगळी वाट धरली आणि मी घड्याळ चालू ठेवून वीस मिनिटं नुसता बसलो. तो डाव हरलो. वही अजून कपाटात आहे. हे सोसलेल्या माणसाला तुम्ही मिरवणारा म्हणता, तेही टोपणनावाआडून.

एक चूक मान्य. कारो-कानमध्ये पांढऱ्याचं प्यादं ई५वर आणि काळ्याचा उंट एफ५वर आल्यानंतर पांढऱ्याचं एच४ लेखात राहून गेलं होतं (नुसतं घराचं नाव म्हणजे प्यादं तिथं जातं). तिथं काळ्याकडून सवयीनं ई६ खेळलात की पांढऱ्याचं जी४ येतं. उंट ई४वर पळतो, मग एफ३. तो जी६वर परततो, मग एच५, आणि उंट अडकून गेला. म्हणून काळ्यानं एच४ला ई६ऐवजी एच५ खेळावं. ती ओळ आता लेखात घातली आहे.

बाकीचं थोडक्यात. लंडनमध्ये काळ्याचा वजीर बी६वर आला की पांढऱ्याचं बी२चं प्यादं पडतं, असं म्हणता. उत्तर पांढऱ्याचा वजीर बी३वर, लेखातच आहे. वाचलं असतंत तर दिसलं असतं. लंडन आळशांचं म्हणता, तर २०२३च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत सहावा डाव चीनचे डिंग लिरेन लंडननंच जिंकले. स्पॅनिश ही सुरुवात आधी शिकावी हे शाळेतल्या पोरांना सांगा, त्यांच्याकडं वेळ आहे.

पुन्हा लिहाल तेव्हा स्वतःच्या नावानं लिहा. मी नावानं लिहितो, हरलेले डावसुद्धा इथंच टाकतो.