न दिसणाऱ्या डब्याचं बिल

परवा माझं बिल परत आलं. कोपऱ्यात लाल पेनानं शेरा : 'वस्तू आढळली नाही.'

ती वस्तू मी स्वतः, मे महिन्यात, 45 अंशांत, नागपूरच्या सदर भागातल्या त्या ऑफिसच्या जिन्याखाली घुसून रॅकमध्ये चार स्क्रूंनी आवळली होती. फायरवॉल, म्हणजे नेटवरून येणारं नको ते अडवणारा डबा. बाहेरचं नेट आणणारा राउटर आणि ऑफिसातली मशीनं जोडणारा स्विच, या दोघांच्या मधोमध.

मालकांची अट एकच होती : काहीही बदलायचं नाही. टॅलीचा सर्व्हर, हजेरीचं मशीन, तीन प्रिंटर, सगळ्यांचे आयपी पत्ते कुणीतरी कधीतरी हातानं टाकलेले, आणि तो कुणीतरी केव्हाच पुण्याला निघून गेलेला. नेहमीच्या पद्धतीनं फायरवॉल बसवली तर तिच्या अलीकडे एक नेटवर्क, पलीकडे दुसरं. म्हणजे प्रत्येक मशीनचा पत्ता नाहीतर गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता, बदलत बसा. म्हणून ब्रिज मोड. दोन पोर्ट, एकालाही आयपी पत्ता नाही. इकडून आलेली फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, तपासायची, नियमात बसली तर तिच्यावरच्या मॅक पत्त्यालाही (नेटवर्क कार्डाच्या पत्त्यालाही) हात न लावता तिकडे सोडायची, नाही बसली तर गिळायची. कूलरच्या ताटीसारखं. हवा आत, धूळ बाहेर, खिडकी होती तिथेच. (ताटी दर उन्हाळ्यात बदलायची असते. कोण बदलतं? फायरवॉलच्या नियमांचंही तसंच.)

तर शेरा मारणारे हिशेबाचे काका. त्यांच्या टेबलावर दोन प्रिंटआउट होते. भाच्यानं शिकवलेल्या ट्रेसरूटचे, म्हणजे डेटाचं पॅकेट वाटेत कुठून कुठून जातं त्याची यादी देणाऱ्या कमांडचे. एक डबा बसवण्याआधीचा, एक नंतरचा. दोन्ही रंगीत छापलेले, कारण पैसे फक्त माझ्याच बिलात वाचवायचे असतात.

"हे आधीचं, हे आत्ताचं. सेम टू सेम. तुम्ही सांगून राहिले का डबा मधात आहे. मग यात काहून नाही?"

"काका, ट्रेसरूट राउटर मोजतो. प्रत्येक राउटर पॅकेटचा टीटीएल, म्हणजे त्याच्या उरलेल्या टप्प्यांचा आकडा, एकानं कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि तसं कळवतो, म्हणून त्याचा पत्ता यादीत येतो. ब्रिज टीटीएलला हातच लावत नाही."

"म्हणजे काही करत नाही."

"करतो! फक्त दिसत नाही."

"आमचा जावईबी तेच म्हणते."

मी तिसऱ्या पोर्टवरून, ज्याला देखरेखीपुरता वेगळा आयपी असतो, लॉग उघडून दाखवला. अडवलेल्या जोडण्यांची लांबलचक यादी. काकांनी चष्मा पुसून ती शेवटपर्यंत वाचली.

"हे सगळे आत आलेच नाहीत ना?"

"नाही."

"मग त्रास कोणाले झाला? आपला तो झिरो माइलचा खांब घ्या. काही करते का तो? पण दिसते! लोकं फोटो काढतेत."

यावर मला अजूनही उत्तर सुचलेलं नाही, आणि खरा राग त्याचाच आहे. काही बदलू नका म्हणून मीच डोकं फोडून घेतलं, आता काही बदललं नाही म्हणून पैसे नाहीत. सगळ्यांचे पत्ते विस्कटून, दोन दिवस प्रिंटर बंद पाडले असते, तर याच काकांनी चहा पाजून चेक दिला असता.

"थांबा, बंद करून पाहू," म्हणत काका उठले आणि मी जिन्यापर्यंत पोचायच्या आत त्यांनी प्लग उपसला. तारीख 20. जीएसटीचं रिटर्न अर्धवट. सगळ्या ऑफिसचं नेट गेलं. वीज गेल्यावर दोन्ही पोर्ट आपोआप जोडून देणारं मॉडेलही मिळतं. ते कोटेशनमध्ये होतं, काकांनीच 'चैन' म्हणून खोडलं होतं.

"पाहा!" काका विजयानं ओरडले, "तुमच्या डब्यानं नेट बंद पडते!"

काल बिल पास झालं. 'केबल, 2 नग.'