पिल्लाच्या डोक्याला मार लागला तर झोपू देऊ नका, अर्धी गोळी द्या? नाही, असलं काही करू नका

सध्या जळगाव, पाचोरा, अमळनेर साइडच्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. कुत्र्याचं पिल्लू ओट्यावरून पडलं, बाजेवरून पडलं, गेटवर आपटलं, पोरांच्या हातून सटकलं, तर घरच्या घरी काय करायचं ते त्यात सांगितलंय. चोवीस तास झोपू देऊ नका. दुखत असेल तर माणसाची अर्धी गोळी द्या. हळदीचं दूध पाजा. टेंगूळ आलं तर बाम लावून जोरात चोळा. झटका आला तर कांदा हुंगवा. रक्त आलं नाही आणि दहा मिनिटांत पळायला लागलं तर टेन्शन नाही. आणि जायचंच असेल डॉक्टरकडे तर डेक्साचं (डेक्सामेथासोन, म्हणजे एक स्टिरॉइड) इंजेक्शन मागा. खाली लिहिलंय, मुका जीव वाचवा, पुढे पाठवा. पाठवणाऱ्यांना खरंच पिल्लाची काळजी आहे म्हणूनच ते पाठवतात, त्यांच्यावर माझा राग नाही, पण यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीने पिल्लाचं नुकसान होऊ शकतं, आणि एका ओळीने तर जीवही जाऊ शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी झोपेचं बघू. पिल्लू मुळातच दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. त्यात मार लागला, रडलं, घाबरलं, दमलं की अजून झोपणार. झोपल्याने मेंदूला काहीही होत नाही. ही भीती कुठून आली असेल ते कळतं, मेंदूत रक्तस्राव झाला किंवा सूज आली की पिल्लू हळूहळू बेशुद्धीत जातं आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं झोपलंय, मग लोकांनी धरून ठेवलं की झोपूच द्यायचं नाही. पण जागं ठेवल्याने आतला रक्तस्राव काही थांबत नाही, उलट थापट्या मारून, पाणी शिंपडून, उभं करून करून त्याला त्रास देतो आपण आणि जे बघायला पाहिजे ते बघायचं राहून जातं.

बघायचं काय, तर उठतंय का. शांत जागी, सावलीत, गोधडीवर झोपू द्या आणि पहिले काही तास दर तासा-दोन तासाने हळूच हात लावून, नावाने हाक मारून उठवा. डोळे उघडले, तुमच्याकडे बघितलं, उठून चार पावलं सरळ चाललं, शेपूट हलवली, बस झालं, परत झोपू द्या. हाक मारूनही उठत नाही, उठवलं तरी मान टाकतंय, उठलं पण एकाच बाजूला गोल गोल फिरतंय किंवा मान वाकडी धरतंय, तर मग सकाळची वाट बघत बसायचं नाही.

डोळे पण चेक करा, मोबाईल तर सगळ्यांकडे आहे. खोलीत जरा अंधार करा, टॉर्च एकदम समोरून डोळ्यात मारायचा नाही, बाजूने हळूच आणायचा. उजेड पडला की डोळ्यातली काळी बाहुली बारीक व्हायला पाहिजे, टॉर्च बाजूला घेतला की परत मोठी. एक डोळा झाला की दुसरा. दोन्ही बाहुल्या एकसारख्या असल्या पाहिजेत. एक मोठी एक बारीक दिसतेय, किंवा दोन्ही मोठ्याच राहिल्यात आणि उजेडाने हलतच नाहीत, किंवा बुबुळं आपोआप इकडून तिकडे थरथरतायत, तर लगेच दवाखाना. (जन्मल्यावर साधारण १० ते १४ दिवसांनी पिल्लाचे डोळे उघडतात, त्याआधी हे बघता येणार नाही, तेवढ्या लहानग्याला मार लागला तर सरळ डॉक्टरलाच दाखवा.)

आता गोळी. हा मुद्दा नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

मेसेजमध्ये म्हटलंय अर्धी गोळी, म्हणजे वाचणाऱ्याला वाटतं अर्धीच आहे, काय होणार. हिशोब करून बघा ना. ६० किलोचा माणूस ६५० ची पॅरासिटामॉलची गोळी घेतो, म्हणजे किलोमागे साधारण ११ मिलिग्रॅम. आता दोन किलोचं पिल्लू घ्या, अर्धी गोळी म्हणजे ३२५ मिलिग्रॅम, किलोमागे १६० च्या वर. माणसाच्या जवळपास पंधरा पट! एवढ्या डोसला कुत्र्याचं लिव्हर खराब होऊ शकतं, आणि रक्तातल्या तांबड्या पेशींची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, हिरड्या काळपट-तपकिरी दिसायला लागतात. मांजराच्या पिल्लाला तर याचा तुकडासुद्धा जीवघेणा आहे, आणि ग्रुपवरचे लोक तो मेसेज मांजरालाही लावणार हे नक्की.

कॉम्बिफ्लाम त्याहून वाईट. त्यात ३२५ पॅरासिटामॉल आहेच, वरून ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन. अर्धी दिली तर दोन किलोच्या पिल्लाला किलोमागे १०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन गेलं. कुत्र्याच्या पोटात याने अल्सर होतात, उलटीतून रक्त, काळी शी, आणि डोस वाढला की किडनी जाते. शिवाय या जातीच्या गोळ्यांनी रक्त गोठायला अडथळा येतो, म्हणजे आत आधीच रक्तस्राव चालू असेल तर तो वाढायचीच भीती. डायक्लोफिनॅक पण त्यातलंच. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने आपल्याकडची गिधाडं कशी संपत आली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी कशी आली हे अनेकांना माहीत असेल, तीच गोळी घरातल्या डब्यात 'कंबरदुखीची' म्हणून पडलेली असते. जनावरांचे डॉक्टर कधी कधी कुत्र्यालाही पॅरासिटामॉल देतात हे खरंय, पण ते वजन करून, किलोमागे मोजून, आणि काय झालंय ते तपासून. दुखणं थांबवायची कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं पण त्यांच्याकडे असतात. तुमच्या ग्रुपवर हा मेसेज आला असेल तर निदान गोळीची ओळ चुकीची आहे एवढं तरी खाली लिहा, प्लीज.

हळदीचं दूध. हळद म्हणजे काही विष नाही, पण प्रश्न हळदीचा नाहीये, पाजण्याचा आहे. गुंगीत असलेल्या पिल्लाचं तोंड उघडून चमच्याने किंवा बाटलीच्या बुचाने दूध ओतलं की त्याला गिळता येत नाही आणि ते श्वासनलिकेतून फुप्फुसात जातं. मग दोन दिवसांनी न्यूमोनिया. आमच्या गल्लीत असं झालेलं आहे, डोक्याचा मार किरकोळ होता, पिल्लू संध्याकाळी उठून बसलं पण, आणि तिसऱ्या दिवशी नाकातून दूध-पाणी, श्वासाची घरघर. पाणीसुद्धा ओतायचं नाही. पूर्ण शुद्धीत आलं, स्वतःच्या पायावर उभं राहिलं, उलटी नाही, तर तासा-दोन तासाने समोर वाटीत थोडं पाणी ठेवा, स्वतः प्यायलं तर पिऊ द्या, मग रोजचं खाणं थोडंसं. दिवसभर उपाशी पण ठेवू नका, लहान पिल्लाची साखर पटकन उतरते आणि ते त्यानेच लुळं पडतं.

बाम लावून चोळणं, हे तर अजिबात नको. पिल्लाची कवटी पातळ असते. पॉमेरेनियन, चिवावा असल्या छोट्या जातीत तर टाळूची फट बऱ्याच दिवस उघडी राहते, कधी कायमचीच, वर नुसती कातडी. तिथे अंगठ्याने दाबून चोळलं, किंवा हाडाला तडा गेलाय तिथेच चोळलं, तर काय होईल विचार करा. आणि बाममध्ये कापूर, मेंथॉल असतं, बऱ्याच बाममध्ये मिथाइल सॅलिसिलेट पण, ते पिल्लू पंजाने पुसून चाटणार, त्याची माय चाटणार, सगळं पोटात. टेंगळावर बर्फ चालतो पण फडक्यात गुंडाळून, थोडा वेळ, न दाबता, आणि पिल्लू हात लावू देत असेल तरच. जखम असेल तर स्वच्छ फडकं हलकं धरा. डोक्याची कातडी फाटली की रक्त भरपूर येतं, त्याने घाबरू नका, पण बोटाला हाड आत गेल्यासारखं लागलं तर दाबू नका.

कांदा. आपल्याकडे माणसाला झटका आला तरी कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, त्यामुळे कुत्र्याला पण तेच. आणि लोक शपथेवर सांगतात की कांदा लावला आणि थांबला. थांबतो कारण बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआपच थांबतात, कांदा शोधून, फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ झालेलाच असतो! तोंडाशी कांदा धरताना बोट चावलं जातं, आणि तुकडा पोटात गेला तर कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, ते वेगळंच. झटका आला तर आजूबाजूची खुर्ची, विळी, दगड बाजूला करा, पोरांना लांब करा, तोंडात हात नाही चमचा नाही, पाणी नाही, आणि मोबाईलमध्ये वेळ बघा, जमलं तर व्हिडिओ काढा, डॉक्टरला तो फार कामी येतो. पाच मिनिटांच्या वर चालला, किंवा थांबून परत आला, तर लगेच न्यायचं. गल्लीतलं, लस न झालेलं पिल्लू असेल आणि झटके येतायत, लाळ गळतेय, तर ते डोक्याच्या मारामुळेच असेल असं धरून चालू नका, डिस्टेंपर (कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार) असू शकतो, रेबीजही असू शकतो. ते चावलं किंवा त्याची माय चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

रक्त नाही आणि पळतंय म्हणजे ओके, हा मुद्दा ऐकायला पटतो म्हणूनच फसवतो. कोणीतरी विचारतं, "पिलूले काय व्हयनं भो?" आणि दुसरा म्हणतो, काही नाही, गावठी आहे, बघ पळतंय. बऱ्याचदा खरंच काही झालेलं नसतं, हे पण सांगतो, पिल्लं दिवसातून चार वेळा कुठे ना कुठे आपटतात, एकदा केकाटतात आणि परत खेळायला लागतात, प्रत्येक वेळी दवाखान्यात पळायची गरज नाही. पण जोरात मार लागला असेल, उंचावरून पडलं असेल, मोटरसायकलचा धक्का लागला असेल, तर आपटताना झालेली इजा ही एक, आणि त्यानंतर काही तासांत मेंदूला सूज येऊन, दाब वाढून होणारी इजा ही दुसरी. ती दुसरी दहा मिनिटांत दिसत नाही. म्हणून निदान २४ तास, जमलं तर ४८ तास लक्ष ठेवायचं. परत परत उलटी, नाकातून किंवा कानातून रक्त किंवा पाणी, तोल जाणं, पाय ताठ होणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, एकसारखं विव्हळणं, क्षणभर का होईना पण शुद्ध गेलेली असणं, यातलं काहीही असलं तरी डॉक्टर.

आणि डेक्सा. मेंदूची सूज उतरते म्हणून डोक्याच्या माराला स्टिरॉइड द्यायची पद्धत होती, माणसांतही होती. मग डोक्याला मार लागलेल्या १० हजारांवर माणसांवर मोठा अभ्यास झाला, २००४ मध्ये तो छापून आला, आणि दिसलं असं की स्टिरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. त्यानंतर डोक्याच्या मारात स्टिरॉइड देऊ नये असंच कुत्र्यांच्या उपचारातही सांगतात. दाब वाढला असेल तर शिरेतून मॅनिटॉल किंवा जास्त मिठाचं सलाईन, ऑक्सिजन, हे असतं, आणि ते द्यायचं की नाही हे तपासल्यावर ठरतं. तुम्ही जाऊन अमुकच इंजेक्शन मारा म्हणून अडून बसू नका.

न्यायचं कसं, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही, आणि खरी गडबड इथेच होते. मानगुटीला धरून उचलायचं नाही, मागच्या पायांनी उलटं लटकवून हलवायचं तर अजिबात नाही. गळ्यातला पट्टा, दोरी काढा, मानेवर दाब आला की डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही आणि आतला दाब वाढतो. घरात सूप असतंच, त्यात गोधडीची घडी घाला, पिल्लाखाली दोन्ही हात घालून डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून सुपात सरकवा, आणि पुढच्या बाजूला घडी जरा जास्त करा म्हणजे छातीपासून डोक्यापर्यंतचा भाग थोडा उंच राहील, नुसत्या मानेखाली उशी देऊन मान मोडायची नाही. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याने सूप मांडीवर घट्ट धरायचं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा पिल्लू चेन लावलेल्या बॅगेत घालून नेऊ नका, ओढणी वरून सावलीपुरती धरा, तोंड उघडं. गरज असेल तर भर दुपारी पण निघा, ऊन उतरायची वाट बघू नका.

तालुक्याला गुरांचा सरकारी दवाखाना असतो, तिथले डॉक्टर पिल्लू पण बघतात, आधी फोन करून आहेत का ते विचारा. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर आहे, तो मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी जवळ कोण आहे ते विचारून बघायला हरकत नाही. डॉक्टरला सांगा किती उंचावरून पडलं, किती वाजता, शुद्ध गेली होती का, उलट्या किती झाल्या. आणि मेसेज वाचून कोणी गोळी दिलीच असेल तर लाजू नका, लपवू नका, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला पण जाऊ नका, गुंगीतल्या पिल्लाला ते परत फुप्फुसातच जाईल. कोणती गोळी, किती, कधी, ते सांगा. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टिन म्हणून, पण तो लवकर मिळाला तरच नीट काम करतो, म्हणून गोळीचं पाकीट सोबत घेऊन जा.