मुंबईच्या किनाऱ्यावर मुक्कामाला जागा हवी, आणि ती गावाच्या हातात हवी

कॅम्पर व्हॅन, म्हणजे आतच झोपायची नि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणाऱ्यांना मुंबईत समुद्रालगत दोन-चार रात्री रीतसर राहता येईल, अशी जागा असायला हवी, असं माझं ठाम मत झालं आहे. मोठा प्रकल्प नको, ठेकेदार नको. गोराई-मनोरीसारख्या गावांनी स्वतःच्या अटींवर चालवलेली, पाच-सहा गाड्यांपुरती साधी जागा.

आम्ही दोघंही निवृत्त. भाड्याची कॅम्पर व्हॅन घेतली, महामार्गाने थेट वेंगुर्ल्यापर्यंत उतरलो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर आलो. जयगड, दाभोळ, बाणकोट, दिघी. प्रत्येक खाडीवर फेरीबोटीत गाडी चढवायची, पलीकडे उतरवायची. शेवटी मांडव्याहून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने, तासाभरात भाऊच्या धक्क्यावर. कोकणात मुक्कामाचा प्रश्न फारसा आलाच नाही. कुणाच्या वाडीत, कुणाच्या अंगणात, कुठे देवळाशेजारच्या मोकळ्या जागेत विचारायचं आणि गाडी लावायची. 'जेवलात का?' हा पहिला प्रश्न, पैशांचं नंतर.

मुंबईत मात्र समुद्र दिसतो तिथे थांबायची सोय नाही. एका ठिकाणी रात्री साडेअकराला काच वाजवून आम्हाला उठवलं गेलं. उठवणाऱ्याचा दोष नाही, त्याला नियमच तसा दिलेला. एका रिसॉर्टवाल्याने सांगितलं की आवारात गाडी लावायची तर खोली घ्यावी लागेल, मग झोपा हवं तर गाडीत. शेवटी मनोरीत ओळखीच्या ओळखीतून एका कोळी कुटुंबाच्या घरामागची जागा मिळाली आणि प्रवासाचे शेवटचे दिवस तिथे काढले.

'घर बोरिवलीत असताना मनोरीत कशाला राहायचं?' हा प्रश्न बहिणीने विचारला, शेजाऱ्यांनी विचारला. मला वाटतं प्रवासाचा शेवट घाईत उरकू नये. इतके दिवस रोज पुढचं गाव, पुढची बोट, पुढचं डिझेल डोक्यात असतं. शेवटी एका जागी थांबलं की मगच दोघांना बोलायला सवड मिळते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नोकरी, लोकल आणि सासू-सासऱ्यांची आजारपणं यांत आम्ही दोघं दुपारी तीन वाजता काहीही न करता शेजारी-शेजारी बसलो आहोत असं कधी झालं नव्हतं. ते मनोरीत झालं. शिवाय गाडी परत देण्याआधीची कामं असतातच. ह्यांनी दाराच्या सरकपट्टीतली वाळू जुन्या टूथब्रशने इंच-इंच खरवडून काढली, वर ओल्या फडक्याने पुसली, आणि दार एका बोटाने सरकलं तेव्हा मला हाक मारून दाखवलं. गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर खारी हवा पत्रा खाते. मी फ्रीज रिकामा करत होते. उरलेलं तांदळाचं पीठ, आमसुलं, मालवणात घेतलेलं सुकट. शेवटच्या दोन दिवसांत याच्या बाहेरचं काही शिजवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि जेवण झकास झालं.

आता जागा गावाच्याच हातात का हवी, ते सांगते.

घराचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणत होतो, आयुष्यभर बोटीवर गेलेले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ह्यांना विचारलं, 'आज तिथी कुठली?' ह्यांनी मोबाइलवर भरतीची वेळ शोधायला घेतली, तोवर काकांनी सांगूनही टाकली. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. उधाणाच्या मोठ्या भरतीला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्याही वर जातं. दर वर्षी मुंबईच्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर हौसेने वाळूत घातलेली गाडी भरतीत अडकल्याची बातमी येते. फलक लावून हे थांबलेलं नाही. 'वाळूत गाडी घालायची नाही, का ते मी सांगतो' असं म्हणणारा माणूस दारात उभा असला की थांबतं. तो माणूस गावातच असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. गोराई-मनोरी महापालिकेच्या हद्दीत असूनही तिथली पाण्याची ओढाताण जुनी आहे. समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पासाठी महापालिकेने मनोरीच निवडली आहे, पण आज तिथल्या बाया पाणी किती मोजून वापरतात ते मी जवळून पाहिलं. म्हणून आम्ही टाकी बोरिवलीतून भरून नेली आणि गाडी धुवायचं पाणीही कॅनमधून नेलं. पाहुण्याने यजमानाचं पाणी संपवू नये. उद्या अशी जागा झालीच, तर 'पाणी आपलं आणा' ही पहिली अट गावाने घालावी.

तिसरी गोष्ट सगळ्यात अडचणीची, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. गाडीतल्या संडासाची टाकी साधारण वीस लिटरची असते. दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते. मग ती रिकामी कुठे करायची? त्यात जे रसायन घालतात त्याच्या बऱ्याच प्रकारांत फॉर्मल्डिहाइड असतं, ते सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू मारतं. म्हणजे कुणाच्या घरचा संडास वापरून टाकी ओतणं हा त्या घरावर अन्याय, आणि खाडीत ओतणं हा तर गुन्हाच. त्या खाडीत लोक मासे पकडतात. आम्ही टाकी घरी नेऊन रिकामी केली, कारण घर जवळ होतं आणि इमारतीची जोडणी गटारवाहिनीला आहे. नागपूरहून किंवा बडोद्याहून आलेल्या जोडप्याने काय करायचं? मुक्कामाच्या जागेवर मैला ओतायचं एक झाकणाचं तोंड आणि ते उपसून नेणारी गाडी, एवढी सोय नसेल तर ती जागा करूच नये असं मी म्हणेन.

महाराष्ट्राने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं, म्हणजे आमच्यासारख्या राहत्या गाड्यांतून फिरण्याचं, धोरण आणलं. धोरण चांगलं आहे, मला त्याचं कौतुक आहे. पण ते 'कॅराव्हॅन पार्क' या कल्पनेभोवती फिरतं, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर 'पार्क' म्हटलं की जमीन, कुंपण आणि बाहेरचा गुंतवणूकदार आलाच. पर्यटनाच्या नावाने येणाऱ्या बड्या योजनांना या पट्ट्यातल्या गावांनी याआधी कडाडून विरोध केला आहे, आणि माझ्या मते बरोबर केला. बोंबील वाळवायला मोकळी जागा लागते, होड्या ओढायला लागते, जाळी पसरायला लागते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्याच जागेत होड्यांची डागडुजी चालते. यातली एक हातभर जागाही गाड्यांसाठी जाता कामा नये. घरामागच्या, रस्त्यालगतच्या, आधीच कडक असलेल्या जमिनीवर पाच-सहा गाड्या सहज मावतात. पैसे गावातल्या मच्छीमार संस्थेकडे जावेत आणि रोजच्या गाड्यांचा आकडा तिनेच ठरवावा.

'लोक येऊन दारू पितील, धिंगाणा घालतील,' असं काकांच्या सूनबाई म्हणाल्या. त्यांची भीती खरी आहे. शनिवारी-रविवारी खाडीपलीकडच्या मार्व्याहून येणाऱ्या बोटीतून उतरणाऱ्या काही टोळक्यांमुळे त्यांना ते आधीच सोसावं लागतं. पण कॅम्पर व्हॅन त्या बोटीतून येत नाही. बोटीत माणसं आणि दुचाकी. गाडीला भाईंदर, उत्तन, गोराई असा मोठा वळसा घालून यावं लागतं. एवढा वळसा घालून, आधी जागा राखून, नाव-नंबर लिहून देऊन येणारा माणूस आणि एका दुपारपुरता येणारा माणूस यांत फरक पडतो. तरीही सूनबाईंनी नाही म्हटलं, तर नाही. तो हक्क त्यांचाच असायला हवा.

पर्यटन संचालनालयाला मी या सगळ्याचं सविस्तर पत्र लिहिते आहे. ते पाठवण्याआधी गोराई, मनोरी, मढ, उत्तन इथे राहणाऱ्यांनी मला सांगावं: तुमच्या गावात अशी जागा चालेल का, चालणार असेल तर कोणत्या अटींवर, आणि चालणार नसेल तर का नाही. दोन्ही उत्तरं पत्रात जशीच्या तशी जातील.