चालायला गेलो, उभे राहिलो

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली शिलोंडा वाट आखूड आहे, म्हणूनच आमच्या सोसायटीच्या मंडळींनी दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती निवडली. ज्याने उभा जन्म गर्दीच्या वेळी दादरचा पूल गाडी सुटायच्या आत ओलांडण्यात घालवला, त्याने काही किलोमीटरांना का भ्यावे? मात्र मार्गदर्शकासह केलेल्या निसर्गभ्रमंतीत भ्रमंती नावापुरती असते आणि मुख्य कार्यक्रम उभे राहण्याचा असतो, हे आधी कोणी सांगत नाही.

पहिला मुक्काम मुंगीसिंहाच्या खळग्यापाशी पडला. धुळीतल्या त्या इवल्याशा खड्ड्याच्या तळाशी हा किडा मुंगी घसरण्याची वाट पाहत दडून बसतो, असे कळताच आम्हीही तिची वाट पाहू लागलो; मुंग्या मात्र शहाण्या निघाल्या. पुढे जायंट वुड स्पायडरचे सोनेरी धाग्यांचे जाळे लागले. मध्यभागी पाय पसरलेली तळहाताएवढी मादी आणि कडेला जेमतेम ठिपक्याएवढा नर. "हा तिचा मुलगा का हो?" असे शेजारच्या काकूंनी विचारले आणि तो नवरा असल्याचे समजताच "मग ठीक आहे," म्हणून त्या चष्मा पुसू लागल्या.

सर्वांत प्रदीर्घ थांबा कारवीपुढे झाला. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते. ते वर्ष अजून लांब होते. तरीही जांभळ्या फुलांचे वर्णन ऐकत आम्ही नुसत्या पानांकडे आदराने पाहत राहिलो. न आलेल्या गोष्टीविषयी इतकी आस्थेवाईक माहिती एरवी फक्त फलाटावरच्या उद्घोषणेत ऐकायला मिळते.

बिबट्याचा विषय निघणारच होता. तो बहुधा रात्री हिंडतो आणि उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांतील भटक्या कुत्र्यांवर त्याची बरीच गुजराण होते, असे मार्गदर्शकांनी सांगितले. म्हणजे सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलात आम्ही ज्याला शोधायला भल्या सकाळी आलो होतो, तो रात्रीच आमच्या बाजूला चक्कर टाकून परतला असण्याचा संभव होता.

एव्हाना माझे गुडघे बोलू लागले होते. "वाट किती उरली?" असे मी शक्य तितक्या निसर्गप्रेमी स्वरात विचारले. "अर्धी," असे म्हणत मार्गदर्शक खाली वाकले आणि त्यांनी एक पान हळूच उलटे केले.