अरे, आधी खेळा तरी!
फोंड्यात भाजी-पाव खायला बसलं की पोरांचं झालं सुरू, व्हिडिओ गेममधलं कुठलं पात्र भारी! ‘झेल्डा’ गेममधला हीरो लिंक, व्हिलन गॅनन. ‘लिंकनं गॅननला मारलं, म्हणजे लिंकच भारी!’ पातळभाजी निवली, पाव हातात तसाच, आणि हे बाकड्यावर मुठी आपटतायत. अरे, 2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या झेल्डा गेममध्ये चारही दिव्य पशू, म्हणजे गॅननच्या ताब्यातली महाकाय यंत्रं, सोडवले की गॅननची अर्धी हेल्थ लढाईआधीच जाते! ते कोण धरणार? ‘सेकिरो’ गेममध्ये इशिन नावाच्या बॉसनं मला चाळीस वेळा आडवं केलं, मी एकदाच जिंकलो. मग भारी कोण? माझी चाळीस मरणं कुठे गेली? तो पडला की संपला, मी हवं तितक्यांदा उठतो! आणि ज्यानं सगळा गेम यूट्यूबवर पाहिलाय, त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा. कंट्रोलर हातात घे रे बाबा आधी!