"खान्देशी पोराले लस कायले?" या मेसेजला माझं उत्तर

आमच्या फॅमिली ग्रुपवर आणि गावातल्या दोन-तीन ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की खान्देशी माणसाची इम्युनिटी रक्तातच आहे, कळण्याची भाकरी, ठेचा आणि केळी खाऊन वाढणाऱ्या पोराला लस लागत नाही, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत जंतू टिकतच नाहीत, गोवर एकदाचा होऊन गेलेला बरा म्हणजे आयुष्यभराची नैसर्गिक इम्युनिटी मिळते, आणि लसीने ताप येतो म्हणजे लस शरीर बिघडवते. माझ्या चुलत वहिनीने हे वाचून बाळाचा ९ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस टाळला, म्हणून लिहायला बसलो.

आधी खाण्याचं. चांगलं खाणं लागतंच, कुपोषित पोराला गोवर झाला तर तो फार वाईट वळण घेतो हे खरंय. पण भाकरी शरीराला जंतूची ओळख करून देत नाही, आणि सगळं अडतं ते तिथेच. शेतात पायात बाभळीचा काटा मोडला की काय होतं ते आठवा, जागा लाल होते, गरम होते, ठणकते, दोन दिवसांनी पू धरतो. तो पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा ढीग, या पेशी कोणताही जंतू दिसला की त्याच्यावर तुटून पडतात, नाव-गाव विचारत नाहीत. मग जांघेत अवधाण येतं. काटा पायात आणि गाठ जांघेत का, तर काही पेशी जंतूचे तुकडे उचलून त्या गाठीत नेतात आणि तिथे जमलेल्या बी आणि टी नावाच्या पांढऱ्या पेशींना दाखवतात. त्यातल्या ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा नेमका जुळतो त्याच वाढायला लागतात, एकीच्या हजारो होतात, बी पेशींपासून अँटीबॉडी, म्हणजे त्याच जंतूला नेमकं पकडणारी प्रथिनं, बनायला लागतात. पहिल्या भेटीत या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि तेवढ्या वेळात गोवर किंवा घटसर्प पोराचे हाल करून मोकळा होतो. लढाई संपल्यावर काही पेशी ती ओळख जपून ठेवतात, दुसऱ्यांदा तोच जंतू आला की काम फार लवकर होतं. लस हेच करते, मेलेला, कमजोर केलेला जंतू किंवा त्याचा तुकडा आधीच दाखवून ठेवते.

रक्ताचं म्हणाल तर आपल्याच नंदुरबारकडे बघा. तिथल्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची किती पोरं आहेत, त्या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि रक्तातले जंतू गाळण्याचं मोठं काम तीच करते, म्हणून त्या पोरांना न्यूमोनियाच्या जंतूचा धोका जास्त आणि लसी इतरांपेक्षाही जास्त गरजेच्या. त्यांच्या आईबापाने हा मेसेज खरा मानला तर?

४५ डिग्री बाहेर असतात भाऊ, शरीरात ३७ च्या आसपासच असतं आणि जंतू तिथेच वाढतो. उलट उन्हाळ्यात आपण कूलर आणि ड्रम भरून ठेवतो, डेंग्यूच्या डासाला त्याहून काय पाहिजे.

आता गोवर. मेसेजमधली ही एकच गोष्ट अर्धी खरी आहे. डेन्मार्कच्या पानुम नावाच्या डॉक्टरने फेरो बेटांवर १८४६ ची साथ बघितली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेले म्हातारे ६५ वर्षांनीसुद्धा आजारी पडले नाहीत. म्हणजे शरीराची आठवण एवढी टिकते. पण तिची किंमत काय? न्यूमोनिया, जुलाब, कधी मेंदूला सूज. आणि त्याहून वाईट म्हणजे गोवराचा व्हायरस त्या आठवण ठेवणाऱ्या पेशींनाच मारतो. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ पोरांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तर आधीच्या आजारांविरुद्धच्या अँटीबॉडीपैकी ११ ते ७३ टक्के गायब झालेल्या. म्हणजे पोराच्या शरीराने दोन-चार वर्षांत जे शिकलं त्यातलं बरंच पुसलं जाऊ शकतं आणि गोवर गेल्यावरही ते पोर दुसऱ्या आजारांना उघडं पडतं. लसीतला कमजोर व्हायरस असं करत नाही.

आणि प्रत्येक आजार इम्युनिटी देऊन जातो हेही चूक. धनुर्वात घ्या, त्याचे जंतू आपल्या शेतातल्या मातीत आणि शेणात असतात. त्याचं विष इतकं जहाल की माणूस मरायला पुरेल एवढं विषसुद्धा शरीराच्या आठवणीत बसायला कमी पडतं, म्हणून त्यातून वाचलेल्या माणसालाही लस द्यावीच लागते.

"आमाले कधी काही झालं का?" असं आमचे आबा म्हणतात. मी त्यांना एवढंच म्हणालो, आबा, ज्यांना झालं ते सांगायला इथं नाहीत.

राहिला ताप. जंतूची चाहूल लागली की पेशी मेंदूला निरोप देतात आणि मेंदू अंग तापवतो. लसीनंतरचा एक-दोन दिवसांचा बारीक ताप त्याच कामाचा भाग आहे, आणि नाही आला तरी लस वाया गेली असं नसतं. ताप जास्त वाटला, पोर सुस्त पडलं किंवा दूध पीत नसेल तर मात्र डॉक्टरकडे न्या.

वहिनीला मी हेच सगळं ओट्यावर बसून सांगितलं. चुकलेला गोवर-रुबेलाचा डोस ५ वर्षांपर्यंत देता येतो, आरोग्य केंद्रात फुकट मिळतो. पुढच्या सत्राची तारीख आशाताईंना विचारून ठेवलीय, बाळाचं कार्ड घेऊन मीच सोबत जाणार आहे.